रुपया २० पैशांनी घसरला, म्हणजे किती उरला?

प्रश्न कोथरूडहून आला आहे. अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी निरनिराळ्या देशांच्या दरडोई उत्पन्नाचा तुलनात्मक तक्ता करते आहे आणि त्यासाठी तिला १९४७ पासूनचा रुपया-डॉलर दर मराठीत मांडायचा आहे. ती लिहिते : 'आकडा वर वर जातो आणि मी खाली लिहिते, रुपया घसरला. आजी म्हणते, अगं वाढलाय ना? शिवाय घसरण, अवमूल्यन आणि मूल्यह्रास हे एकच का?'

आजींचं बरोबर आहे. वाढतो तो दर, आणि दर रुपयाचा नसतो, डॉलरचा असतो. 'रुपया २० पैशांनी घसरला' हे वाक्य आपण रोज वाचतो, पण शब्दशः घेतलं तर रुपया ८० पैशांचा झाला! प्रत्यक्षात डॉलर २० पैशांनी महागलेला असतो, आणि तो ८५ रुपयांच्या घरात असेल तर ही वाढ पाव टक्क्याहूनही कमी. कांदा ३० चा ४० झाला तर आपण कांदा महागला म्हणतो, रुपया कांद्यापुढे घसरला असं कुणी म्हणत नाही. ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे असे सदाशिव पेठेतले आजोबा 'डॉलर केवढ्याला आहे सध्या?' असं विचारतात. माझ्या मते सगळ्यात निर्दोष मराठी तेच.

गंमत म्हणजे आपल्या पणजोबांना हा घोटाळा पडत नसे, कारण त्या काळी दर उलट बाजूने सांगत : एका रुपयाला किती पेन्स. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग, म्हणजे २४ पेन्स मिळत (ब्रिटिश पौंडाचे तेव्हा २४० पेन्स होत). जगभर चांदी उतरत गेली, आपला रुपया चांदीचा, त्यामुळे १८९४-९५ मध्ये तो १३ पेन्सांच्या आसपास आला. पुढे सरकारने तो १६ पेन्सांवर बांधला. भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ पेन्स सुचवले, तेव्हा आयोगातलेच मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास १६ वर अडून बसले आणि भिन्नमत नोंदवून मोकळे झाले. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स ठरले, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. एकच दर, पण पेन्सांत सांगितला तर आकडा चढला की रुपया चढला. रुपयांत सांगितला तर आकडा चढला की रुपया उतरला. आपल्या बँकासुद्धा १९९३ पर्यंत १०० रुपयांना किती डॉलर अशा भाषेत बोलत. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून डॉलरला किती रुपये, हा रिवाज झाला.

या दराला पणजोबांच्या काळी मराठीत 'हुंडणावळ' म्हणत. शिवणावळ, दळणावळ यांच्याच घराण्यातला शब्द. कपडा शिवल्याची ती शिवणावळ, तशी हुंडीने पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याची ती हुंडणावळ. पुढे देशादेशांच्या नाण्यांमधल्या दरालाही तेच नाव पडलं. पेशवाईत पुण्याच्या सराफाकडे अंकुशी रुपया देऊन दुसऱ्या टांकसाळीचा घ्यायचा तर बट्टा कापला जाई. नावाला लागतो तोही बट्टाच. 'विनिमय दर' आज रूढ आहे, तक्त्यात तोच लिहा. पण हुंडणावळ गेली याचं मला वाईट वाटतं.

आता अवमूल्यन. याला कर्ता लागतो. घसरण होते, अवमूल्यन कुणीतरी करतं. १९४९ च्या सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाचं केलं, पाठोपाठ आपण रुपयाचं केलं आणि डॉलर ३.३१ वरून ४.७६ वर गेला. ६ जून १९६६ ला सचिंद्र चौधरी अर्थमंत्री असताना तो ४.७६ वरून ७.५० झाला. जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत. पण १९९३ च्या मार्चपासून दर बाजारावर सोडला आहे, तेव्हा त्यानंतरच्या वर्षांपुढे 'अवमूल्यन' लिहू नका, तिथे घसरणच. 'मूल्यह्रास' चुकीचा नाही, पण बोजड आहे. आणि कृपा करून 'रुपयाचा घसारा' लिहू नका, मी तेही छापलेलं पाहिलं आहे. घसारा घासण्यातून येतो, घसरण घसरण्यातून. यंत्र वापरून झिजतं, त्याचा घसारा धरतात. इंग्रजीत दोन्हीला डेप्रिसिएशन म्हणतात, म्हणून मराठीतही एक करायचं कारण नाही.

टक्केवारीतही हाच कर्त्याचा प्रश्न आहे. १९६६ मध्ये रुपयाचं मोल ३६.५ टक्क्यांनी कमी झालं आणि डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. दोन्ही खरं आहे, फक्त 'रुपया ५७.५ टक्क्यांनी घसरला' खोटं आहे.

राहता राहिली खरेदीशक्तीची बाब. नुसत्या डॉलर-दराने उत्पन्नं ताडली तर पुण्यातली स्वस्त भाजी आणि न्यूयॉर्कमधली महाग भाजी एकाच मापाने मोजली जाते. म्हणून तोच माल घ्यायला कुठे किती पैसे लागतात हे धरून जे दुसरं माप वापरतात त्याला पाठ्यपुस्तकात 'क्रयशक्ती समता' म्हणतात. त्याचा रकाना वेगळा ठेवा.

आणि रकान्याला नुसतं 'विनिमय दर' असं शीर्षक देऊ नका. 'एका डॉलरचे रुपये, वार्षिक सरासरी' असं पूर्ण लिहा. सरासरी हा शब्द गाळला तर १९६६ समोरचा ६.३६ हा आकडा वाचणाऱ्याला फसवेल. पाच महिने ४.७६ आणि सात महिने ७.५०, यांची ती सरासरी आहे. त्या वर्षी सरकारी दराने ६ रुपये ३६ पैशांना डॉलर कुणालाही, एक दिवसही मिळाला नव्हता.