कॉन्क्लेव्ह : पडद्यावरचा आणि कायद्यातला

कॉन्क्लेव्ह म्हणजे नवा पोप निवडण्यासाठी कार्डिनलांची, म्हणजे पोपखालच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांची, बंद दाराआडची सभा. तिच्यावरचा ‘कॉन्क्लेव्ह’ हा २०२४ सालचा चित्रपट आणि त्यानंतर मे २०२५ मध्ये झालेली पोप चौदावे लिओ यांची प्रत्यक्ष निवड, यांमुळे चर्चच्या कायद्यावरील या सदराकडे फिरून फिरून तेच प्रश्न येत आहेत. म्हणून इतर विषय या वेळी बाजूला ठेवले आहेत. चित्रपट पाहायचा असेल त्यांनी आधी तो पाहावा.

प्रश्न : नुसत्या मतपत्रिका जाळून काळा (निवड झाली नाही) किंवा पांढरा (निवड झाली) धूर कसा निघतो?

उत्तर : निघत नाही, शेजारच्या दुसऱ्या शेगडीत रसायने पेटवतात.

प्रश्न : मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांना २०२५ मध्ये मतदान का करता आले नाही? यामागे राजकारण होते असे ऐकतो.

उत्तर : राजकारण नव्हे, वय. ऐंशीची मर्यादा सहावे पॉल यांनी १९७० मध्येच घातली आहे. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी वारले, तेव्हा कार्डिनल ग्रेशियस यांना ८० वर्षे पूर्ण होऊन जवळजवळ चार महिने झाले होते. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव वयात बसत होते, त्यांनी मत दिले. ‘ऐकतो’ या शब्दाने सुरू होणारी पत्रे यापुढे कृपया पाठवू नयेत.

प्रश्न : दिवंगत पोपने गुपचूप नेमलेला काबूलचा आर्चबिशप चित्रपटात ऐनवेळी येतो आणि मतदानाला बसतो. असे होऊ शकते का?

उत्तर : नाही, आणि या एका प्रसंगाने जितका गैरसमज पसरवला आहे तितका बाकीच्या सगळ्या चित्रपटाने मिळून पसरवला नसेल. ‘इन पेक्टोरे’, म्हणजे पोपने नाव स्वतःच्या मनात ठेवून केलेली नेमणूक, ही पद्धत खरी आहे. नाव फुटल्यास त्या माणसाच्या जिवाला किंवा तिथल्या चर्चला धोका असेल तेव्हा ती वापरतात. शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग चीनच्या तुरुंगात असताना, १९७९ मध्ये, दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना असेच कार्डिनल केले आणि नाव १९९१ मध्ये उघड केले. मात्र चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ३५१ सांगते की, पोप ते नाव जाहीर करीपर्यंत त्या व्यक्तीला कार्डिनलचे ना कर्तव्य असते ना हक्क; जाहीर झाल्यावर ज्येष्ठता तेवढी मूळ दिवसापासून मोजतात. त्याच पोपने २००३ मध्ये आणखी एक नाव राखून ठेवले, २००५ मध्ये ते न सांगताच निधन पावले, आणि ती नेमणूक त्यांच्याबरोबरच संपली. मृत माणसाच्या सहीचा कागद दाखवून आत येता येऊ लागले, तर प्रत्येक निवडणुकीची सुरुवात सह्या तपासण्यापासून करावी लागेल! एखाद्या तरतुदीच्या अर्थाबद्दल शंका उरलीच, तर निर्णयाचा अधिकार १९९६ च्या निवडणूक-कायद्याने कार्डिनल मंडळाच्या बहुमताला दिला आहे, एकट्या डीनला, म्हणजे मंडळाच्या प्रमुखाला, नाही. चित्रपटातल्या डीनने त्या पाहुण्याला आदराने जेवू घालावे, पण मतपत्रिका देऊ नये.

प्रश्न : चित्रपटातला मते विकत घेणारा कार्डिनल निवडून आला असता तर निवड रद्द झाली असती ना?

उत्तर : नाही. देणारा आणि घेणारा त्याच क्षणी बहिष्कृत होतात, पण निवड टिकते. तसे नसते तर हरलेल्या प्रत्येक गटाने लाचेचा आरोप करून पोपपदालाच आव्हान दिले असते. प्रत्यक्षातल्या कोणाविषयी अशी तक्रार असल्यास ती मला न लिहिता आपल्या धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणातील कायदेतज्ज्ञापुढे मांडावी.

प्रश्न : हस्ताक्षरावरून मत ओळखता येत नाही का?

उत्तर : ते ओळखता येऊ नये असे लिहावे, हा नियमच आहे. तीन मोजणीदारांपैकी तिसरा नाव मोठ्याने वाचतो आणि चिठ्ठीवरच्या ‘एलिगो’, म्हणजे ‘मी निवडतो’, या शब्दातून सुई आरपार काढून ती दोऱ्यात ओवतो. शेवटी दोऱ्याच्या टोकांना गाठ मारतात. २०२५ मध्ये एका फेरीत अशा १३३ चिठ्ठ्या होत्या आणि विजयाला ८९ लागत होत्या.

प्रश्न : एक प्रवासी कंपनी ‘चित्रीकरण झाले ते सिस्टिन चॅपेल’ दाखवण्यासाठी वेगळे पैसे मागते. द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. पडद्यावरचे चॅपेल रोममधील चिनेचित्ता स्टुडिओत उभारलेला सेट होता, आणि खरे चॅपेल व्हॅटिकन संग्रहालयाच्या नेहमीच्या तिकिटात दिसते. आगाऊ रक्कम आधीच भरली असेल तर पावती घेऊन वकिलाला भेटावे.

प्रश्न : वसईतील आमच्या धर्मग्रामाचे तरुण याच कथेवर नाटक बसवत आहेत. प्रयोग रविवारी आहे. पूजावस्त्रे आणि खरा चषक वापरला तर चालेल का?

उत्तर : हे तालमीच्या पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. आशीर्वादित चषक रंगमंचावर नेऊ नये. वस्त्रांविषयी आजच धर्मगुरूंना विचारा, आणि कथेच्या हक्कांचे पत्र हाती नसेल तर प्रयोग पुढे ढकला.