जेम्स अँड मेरीवर दीपगृह का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हुगळीतल्या ‘जेम्स अँड मेरी’ या वाळूच्या दांड्याचं नाव ‘जलमारी’वरून पडलं का, आणि इतकी जहाजं गिळूनही तिथे दीपगृह का बांधलं नाही?

नावाचं लवकर आटपतो. ‘जलमारी’ ऐकायला झकास आहे, पण ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती. १६९४ साली ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ नावाचं जहाज तिथे बुडालं, त्याचंच नाव वाळूला चिकटलं.

दुसरा प्रश्न खरा. कोलकात्याच्या खाली हुगळीला आधी दामोदर आणि मग रूपनारायण येऊन मिळते. दोघींच्या मुखांच्या मध्ये पाण्याचा जोर विस्कटतो आणि गाळ बसतो. बसतो म्हणजे कायमचा मुक्काम करत नाही. पूर ओसरला की खोल वाट भलतीकडेच सरकलेली असते. जहाजाचा तळ टेकला की प्रवाह त्याला आडवं करतो, बुडाखालची वाळू उपसतो आणि जहाज कलंडतं. खडकावर चढलेल्या जहाजातून उतरायला वेळ तरी मिळतो, इथे तोही नाही. अशा जागी दिवा रोवणार कशात? रोवलाच, तरी कालची खरी खूण आज घात करणार.

म्हणून दीपगृहं समुद्राच्या अंगाला. दक्षिणेकडून हुगळीकडे निघालेली जहाजं महानदीच्या मुखाजवळचं टोक पाहून आणखी उत्तरेला असलेलं ‘पामायरस’चं टोक आलं असं समजायची आणि फसायची. त्या जागेचं नावच फॉल्स पॉइंट पडलं. तिथलं दीपगृह १८३८ चं. हुगळीच्या तोंडाबाहेर दीपनौका नांगरून ठेवत.

आत मात्र सगळी भिस्त पायलटवर, म्हणजे जहाजाला नदीतून वाट दाखवणाऱ्या जाणकारावर. ईस्ट इंडिया कंपनीने अशा पायलटांची तयारी सतराव्या शतकातच सुरू केली होती. शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची, काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जहाज हाकायचं, आणि वाट सरकली की खुणाही हलवायच्या. माझ्या मते हुगळीचं खरं दीपगृह म्हणजे ताजी मोजणी. आणि ताजी खबर झटपट पोचायलाही हवी. देशातली अगदी सुरुवातीची प्रायोगिक तारायंत्राची लाइन १८५०-५१ मध्ये कोलकाता ते नदीवरच खाली असलेलं डायमंड हार्बर अशी टाकली गेली, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९७५ मध्ये गाळ धुऊन निघावा म्हणून फराक्क्याच्या धरणातून गंगेचं पाणी हुगळीत वळवलं. तरी गाळ उपसणं सुटलेलं नाही, आणि कोलकात्याला जाणारं मोठं जहाज आजही पायलट घेऊन, भरतीची वेळ साधूनच वर चढतं.