शीव, हद्द, सरहद्द: सगळ्यांना ‘सीमा’च का?

प्रश्न असा आहे: भूगोलाच्या पुस्तकाचा अनुवाद करताना बॉर्डर, बाउंडरी, फ्रंटियर या तिन्हींना ‘सीमा’च लिहावं लागतंय, मराठीत वेगळे शब्द नाहीत का?

आहेत की! फक्त ते पुस्तकांपेक्षा तलाठ्याच्या दप्तरात आणि पोलीस ठाण्यात जास्त वापरले जातात.

फ्रंटियरला ‘सरहद्द’ चपखल बसतो. राज्याची कड ही मुळात पट्टा असते आणि नकाशावरची रेघ हे त्या पट्ट्याचं सोपं केलेलं रूप, असं जर्मन भूगोलज्ञ रात्झेल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडत होता. ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यात १८९३ साली ठरलेली ड्युरँड रेषा पाहा. इंग्रजांचे नियमित कारभाराचे जिल्हे त्या रेषेच्या बरेच अलीकडे संपत. मधल्या टोळ्यांच्या मुलखात इंग्रजी कायदा जेमतेमच चाले. असा पट्टा असलेल्या प्रांताला मराठीत ‘वायव्य सरहद्द प्रांत’ म्हणत, ते उगाच नाही.

‘हद्द’ अधिकाराची. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ठाण्यात ऐकवलं जातं, तेव्हा जागा कुठे आहे यापेक्षा कागद कोणी करायचे हा मुद्दा असतो. म्हणून गुंडाला हद्दपार करतात. (तडीपारही करतात. तड म्हणजे काठ, म्हणजे इथे हद्द ओलांडायची ती पाण्यापलीकडे.)

माझा आवडता शब्द मात्र ‘शीव’. संस्कृत ‘सीमा’चंच हे घरचं रूप; दोन गावं जिथे भिडतात ती शीव. मुंबईतलं शीव हे स्टेशनाचं नाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती खरोखरच शीव होती: अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो यासाठीच. १७३९ पर्यंत साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि शिवेला काही कामच उरलं नाही. आता तिथून लोकल ठाण्याकडे जाते आणि आपण राज्य ओलांडतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

‘वेस’ यात घुसडू नका. वेस म्हणजे गावकुसाचा दरवाजा. अब्रू वेशीवर टांगतात ती सगळा गाव तिथून येतो-जातो म्हणून; शिवेवर टांगली तर बघायला कोण जाणार?

मानववंशशास्त्रातली बाउंडरी आणखी वेगळी. फ्रेडरिक बार्थने १९६९ मध्ये दाखवलं की माणसं समूहांच्या सीमा सतत ओलांडत असली तरी त्या सीमा टिकून राहतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून, आपट्याची पानं घेऊन त्याच गावात परतणाऱ्यांना हे नवं वाटू नये. इथे ‘सीमा’ किंवा ‘भेदरेषा’ चालेल. ‘हद्द’ नको, कारण ही सीमा कोणत्याही कचेरीने आखलेली नसते.

आणि बॉर्डरलँड्स आलंच, तर बेळगाव-कारवारच्या वादाने ‘सीमाभाग’ हा शब्द १९५६ पासून घडवून ठेवला आहे. त्यात निव्वळ रेघ नाही. तिथे राहणारी माणसं, त्यांच्या शाळा, दुकानांवरच्या पाट्या असं सगळं येतं. तोच घ्या. ‘सीमाप्रदेश’ व्याकरणाला चालेल, पण कानाला सरकारी परिपत्रकासारखा लागतो.