माझी पणजी बेने इस्राएल होती, मग मी ज्यू ठरतो का? आणि ज्यू लोक आत्मा कसा मानतात?

तुम्ही लिहिलंय की आईच्या आईची आई बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यूंपैकी) होती हे घरात आत्ता कळलं, बाकी सगळं घर हिंदू, मग मी ज्यू का, की त्यासाठी धर्म पाळावा लागतो, आणि आत्म्याचं ज्यूंमध्ये काय. खाली एकाने उत्तर दिलंय, रक्तात असेल तर आहे, नसेल तर कितीही शिकलं तरी होत नाही. खरं तर मी इथे नुसती वाचायला येते, पण हे वाक्य मी वीस वर्षं आमच्या घरात ऐकतेय म्हणून आज लिहायला बसले.

आधी सरळ उत्तर. हलाखा म्हणजे आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. पणजी, मग तिची मुलगी, मग तुमची आई, मग तुम्ही, ही साखळी फक्त बायकांमधून आलेली असेल तर शास्त्राप्रमाणे तुम्ही ज्यू आहात, तुम्हाला माहीत असो वा नसो. मध्ये एक जरी पुरुष आला, म्हणजे पणजी आईच्या वडिलांची आई असती, तर नाही. इस्रायलचा कायदा वेगळा आहे. तिथे परतीचा कायदा १९५० चा, आणि १९७० च्या दुरुस्तीत ज्यू कोण त्याची व्याख्या घातली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर करून आलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. हे शेवटचं तुम्हाला अडेल. ज्यूच्या नातवंडांनाही तिथे जाऊन राहायचा हक्क आहे, पतवंडांना तसा नाही. झालं, कायद्याचं एवढंच.

पण तुम्ही आत्म्याचं विचारलंय आणि माझं घोडं तिथेच अडतं.

माझा मामा १९५४ साली चौदा वर्षांचा असताना आजी-आजोबांबरोबर इस्रायलला गेला, माझ्या आईला मात्र तिच्या मावशीकडे ठाण्याला ठेवलं, म्हणून आम्ही इकडे. मूळ गाव रेवदंड्याकडचं. मामा दक्षिणेला वाळवंटातल्या एका गावात कारखान्यात लागला. चोवीसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं, मुलगी इराकी ज्यूंच्यातली. तेव्हा तिथल्या मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) मंडळाने १९६२ मध्ये काढलेले नियम चालू होते, की बेने इस्राएल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या आईची, आजीची, जितकं मागे जाता येईल तितकी चौकशी करायची. मामाला लग्न नोंदवायच्या ऑफिसात विचारलं, तुझ्या आजीच्या आईचा केतुबा कुठाय. (केतुबा म्हणजे लग्नाचा करारनामा.) रेवदंड्याच्या बाईचा शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाळवंटात कुठून आणायचा? तर माझी आजी स्वतः गेली ऑफिसात, नऊवारी नेसून, आणि टेबलासमोर उभी राहून डोळ्यावर हात ठेवून तिने शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी आमची मुख्य प्रार्थना, म्हटलं. शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनु, अदोनाय एहाद. तिला वाटलं एवढं पुरेल, कारण आमच्यात गोष्टच तशी सांगतात, की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले, पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली, पण शेमा राहिलं, आणि पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा शनिवारी घाणा बंद ठेवणारे, खवल्याचेच मासे खाणारे हे शनिवार तेली कोण हे त्याने शेमावरूनच ओळखलं.

ऑफिसातला माणूस आजीला म्हणाला, "पाठ कोणीही करेल."

आजी मरेपर्यंत हे वाक्य सांगायची. हिब्रूत सांगायची, मग मराठीत.

मग १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला आमच्या लोकांनी धरणं धरलं, शेकडो माणसं, लेकरंबाळं घेऊन, मामा त्यात होता. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत, आणि रब्बींना नियम बदलावे लागले. मामाचं लग्न झालं. मला लहानपणी मामा म्हणजे देव वाटायचा, अजूनही त्या धरण्याचा मला अभिमान आहे, हे आधी लिहून ठेवते कारण पुढे मी त्याच्याबद्दल कडू लिहिणार आहे.

२००६ साली माझ्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी नगरकडची, मराठी हिंदू घरातली. आईने एकच सांगितलं, घाई नको. वहिनी दोन वर्षं शिकली. नुसतं हिब्रू अक्षर नाही, शब्बाथला (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) काय करत नाहीत आणि का, पेसाखला (इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, तेव्हा खमिराचं काही खात नाहीत) घर कसं झाडून काढायचं, भांडी कशी वेगळी, सगळं. शेवटी तीन जणांच्या बेथ दीनसमोर (धर्मन्यायालयासमोर) बसली, प्रश्नांना उत्तरं दिली, मिकव्यात (शुद्धीच्या कुंडात) बुडी घेतली. लग्नाआधी घरी मलिदा ठेवला, एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर पाच फळं, आणि वास घ्यायला सब्जाची पानं. हे जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंकडे नाही, फक्त आमच्याकडे, आणि ते ताट वहिनीने स्वतः लावलं होतं. मामा खास त्यासाठी विमानाने आला होता. सगळ्यांनी शेमा म्हटलं, वहिनीचा आवाज जरा पुढे होता कारण तिला ते मनापासून येत होतं. मामाने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, "पाठ कोणीही करेल."

मला आठवतंय आईचा चेहरा. तिने आजीकडून ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली होती.

मी म्हटलं, मामा तुला कळतंय का तू काय बोललास. तर म्हणाला, बाय, कागद वेगळा आणि नेशामा वेगळी, ज्यूची नेशामा जन्मानेच येते, ती वर्गात जाऊन मिळत नाही. आणि मलिदा न खाता गॅलरीत जाऊन बसला. लग्नाला आला, पण हुप्पापासून (लग्नाच्या मांडवापासून) लांब उभा राहिला.

आता नेशामा म्हणजे काय ते सांगते, तुमचा प्रश्न इथे येतो. हिब्रूत आत्म्याला एक शब्द नाही. नेफेश म्हणजे जीव, जो जनावरालाही असतो, रुआख म्हणजे वारा किंवा प्राण, आणि नेशामा म्हणजे देवाने फुंकलेला श्वास. तोरात (मोशेच्या पाच ग्रंथांत) आत्म्याचं तत्त्वज्ञान फारसं नाहीच, ते पुढे तलमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) आणि त्याही पुढे कबालामध्ये (ज्यूंच्या गूढविद्येत) वाढलं. पुनर्जन्म मानतात का असं मराठी माणूस नेहमी विचारतो. तर दहाव्या शतकातल्या सादिया गाओन या पंडिताने ती कल्पना साफ फेटाळली, आणि सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावात आरिझाल हा कबालाचा गुरू आणि त्याच्या शिष्यांनी गिलगुल म्हणून तीच कल्पना इतकी मोठी केली की आता कित्येक घरांत ती गृहीत धरतात. शब्बाथला माणसाला एक जादाची नेशामा मिळते आणि शनिवारी रात्री ती जाते, म्हणून हावदालाला (शब्बाथ संपवण्याच्या विधीला) लवंगा किंवा सुगंधी पाला हुंगायचा, जीव उदास होऊ नये म्हणून. हे मला सगळ्यात आवडतं. शनिवारी रात्री आई सब्जाची डहाळी आमच्या नाकाखाली धरायची आणि आम्ही भांडायचो आधी कोण.

पण मामा म्हणतो ते, की ज्यूची नेशामाच जातीने वेगळी, ते कुठून आलं? काही कबालावाल्यांनी आणि पुढे हसीदी (कबालावर चालणाऱ्या पंथाच्या) गुरूंनी तसं लिहिलंय हे खरं आहे, मामा रिटायर झाल्यावर अशाच एका अभ्यासवर्गाला जायचा. मला ते मुळीच पटत नाही आणि माझ्या बाजूने जास्त जुनी माणसं आहेत. तलमूदच्या निद्दा भागात म्हटलंय की माणूस घडवण्यात तिघे भागीदार. बाप हाडं, शिरा, नखं देतो, आई कातडी, मांस, केस, डोळ्याचं बुबुळ देते, आणि श्वास आणि नेशामा देव देतो. म्हणजे नेशामा आईबापाकडून येतच नाही! रोज सकाळी म्हणतो त्या प्रार्थनेत काय आहे, एलोहाय, नेशामा शेनातत्ता बी तेहोरा ही, देवा, तू माझ्यात ठेवलेली नेशामा शुद्ध आहे. तू ठेवलेली. रेवदंड्याच्या पणजीने ठेवलेली नाही.

लोक वहिनीला बरं वाटावं म्हणून दुसरीच एक गोष्ट सांगतात, की धर्मांतर करून येणाऱ्याची नेशामा आधीपासूनच ज्यू असते, सिनाय पर्वतापाशी देवाने तोरा दिली तेव्हा ती हजर होती, ती फक्त घरी परत आली. गोड वाटतं ऐकायला. पण मला त्याचाही राग येतो, कारण मग वहिनीने केलं काय? दोन वर्षं ती घरच्यांशी भांडली, वडिलांनी वर्षभर अबोला धरला, ते सगळं जर आधीच ठरलेलं तर तिचं त्यात काहीच नाही. रामबामला (मायमोनिडीस, बाराव्या शतकातला मोठा धर्मपंडित) एका धर्मांतरिताने, ओवादियाने, पत्र लिहून विचारलं होतं की प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं मी कसं म्हणू, माझे पूर्वज ते नव्हते. रामबामने उत्तर दिलं की सगळं जसंच्या तसं म्हण, अब्राहाम तुझाही बाप. आणि आम्ही आमचं कूळ अब्राहाम, इसहाक, याकोबापर्यंत नेतो, तुझं कूळ तर ज्याने शब्दाने जग केलं त्याच्यापर्यंत जातं, तेव्हा स्वतःला कमी समजू नकोस. हाच रामबाम दुसऱ्या एका पत्रात लिहितो की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता सोडून तोराचं काही ठाऊक नाही. ते आमच्याबद्दल होतं की कोचीनवाल्यांबद्दल यावर वाद आहेत, पण मी मामाला फोनवर म्हटलं होतं, ज्याने आपल्याला एवढ्याशावरही ज्यू म्हटलं तो वहिनीला बाहेर ठेवणार नाही, तू कोण ठेवणारा.

वारसा हा वेगळा विषय आहे आणि तो मी आत्म्याहून कमी मानत नाही. आमचे पूर्वज पेसाखचं कारण विसरले होते, इजिप्त, खमीर, काही आठवत नव्हतं, पण त्या आठ दिवसांत आंबट अनशीचं मडकं झाकून ठेवायचं हे राहिलं, सणाचं नावच अनशी ढाकण्याचा सण. योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफाळणीचा सण, दारं लावून, पांढरं नेसून घरात बसायचं. तिशा बाअव (जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिवस) म्हणजे बिरड्याचा सण. शतकानुशतकं झाकण राहिलं, अर्थ नंतर परत आला. असा वारसा रक्तातून येत नाही, कोणीतरी बाई ते मडकं झाकते म्हणून येतो. मामाचा धाकटा नातू पेसाखला पिझ्झा खातो आणि डीएनए टेस्टचा निकाल मोबाईलवर दाखवतो की बघा किती टक्के. २०१६ मध्ये बेने इस्राएलांच्या जनुकांवर अभ्यास आला, त्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा स्पष्ट दिसला, मामाने तो मला तीनदा पाठवला. मी म्हटलं मामा, भारतीय अर्धा भाग पण वाच, त्या बायका कोण होत्या? त्या पण कधीतरी बाहेरूनच आल्या असतील.

आणि आपण स्वतः काय केलं तेही लिहितेच. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. ज्यांच्या घरात आई बाहेरची आली त्यांना काळे म्हणायचे, बेटीव्यवहार नाही, एका ताटात जेवण नाही. हे आम्हाला कुठल्या रब्बीने शिकवलं नव्हतं, कोकणात राहून आजूबाजूला जे दिसत होतं ते उचललं. हळद-मेंदी, मंगळसूत्र घेतलं तसं हेही घेतलं, आणि हे टाकायला हवं होतं. जेरुसलेमला धरणं धरणाऱ्यांच्या घरातसुद्धा काळ्यांशी सोयरीक नको म्हणणारी माणसं होती. मामाला हे बोलले त्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलणं बंद केलं, याला आता सहा वर्षं झाली.

मामाची बाजूही आहे, ती लिहायला हवी. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात साधारण वीस हजार बेने इस्राएल होते, आज चार-पाच हजारही जेमतेम. कद्दिश (मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना) म्हणायला दहा पुरुष लागतात आणि कोकणात कित्येक ठिकाणी ते दहा जमवायला मुंबई-ठाण्याहून गाडी न्यावी लागते. ज्याने हे पाहिलंय त्याला दार घट्ट लावावंसं वाटणं मी समजू शकते. शिवाय मी काही रब्बी नाही, ऑर्थोडॉक्स (जुनं शास्त्र धरणाऱ्या) आणि रिफॉर्मवाल्यांची (सुधारकांची) मतं यात पार वेगळी आहेत, रिफॉर्मवाले काही ठिकाणी बापाकडूनही ज्यूपण मानतात, तेव्हा कागदोपत्री काही करायचं असेल तर जाणत्याला विचारा.

तुम्हाला माझा सल्ला एवढाच की मी ज्यू आहे का हे लोकांना विचारत बसू नका आणि टेस्टचे पैसे तर मुळीच घालवू नका. पणजीच्या नुसत्या नावावर मिरवायचं असेल तर ते मला आवडणार नाही, स्पष्टच सांगते. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला गाठा. पणजी शनिवारी चूल पेटवायची का, कोलंबी-खेकडे घरात शिजायचे का, वर्षातून एक दिवस दारं लावून बसायची का, मरताना काही बोलली का. 'मशिदीत' जायची असं कोणी म्हणालं तर दचकू नका, आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मशीद बंदर हे नाव १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेल्या आमच्याच मशिदीवरून पडलं असं आम्ही मानतो.

आणि तिचं माहेरचं आडनाव विचारा. आमची बहुतेक आडनावं गावांवरून आहेत, पेणकर, रोहेकर, नवगावकर, त्यावरून गाव कळतं, गावावरून कबरस्तान. सापडलं तर इथेच खाली लिहा. माझ्या वहिनीकडे एक जाड वही आहे, लग्नानंतर तिने आमच्या घराण्याची आणि सोयऱ्यांची नावं, कोण कुठे पुरलंय, कोणाचा कद्दिश कोण म्हणतं, सगळं विचारून विचारून उतरवलंय, त्यात सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंतची माणसं आहेत. मी तिला बघायला सांगते.