वाचकांचे प्रश्न : घर विकून बोट घ्यावी का?

प्रश्न : मी सोलापुरातील एका बँकेतून पुढील वर्षी निवृत्त होत आहे. कमांडर दिलीप दोंदे यांच्या सागर परिक्रमेपासून शिडाच्या बोटीचे वेड मनात आहे. पत्नीचीही तयारी आहे. गोव्यात ४५ फुटांची जुनी फायबरची बोट विक्रीला आहे. तिच्यासाठी राहते घर विकावे का? आम्हा दोघांना पोहता येते, परंतु शीड कधी हाताळलेले नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : घर विकू नका, आणि ही बोटही निदान यंदा घेऊ नका. आपले वेड पुरे व्हावे अशी मनापासून इच्छा आहे, म्हणूनच इतके स्पष्ट लिहीत आहे. कमांडर दोंदे यांची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट ५६ फुटांची होती आणि २००९-१० मध्ये ते तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हे खरे. परंतु ते नौदलाचे अधिकारी होते आणि त्यांच्या पाठीशी नौदल उभे होते. आपल्या बोटीवर साठीच्या घरातली दोनच माणसे असणार. म्हणून केबिन किती ऐसपैस आहे हे पाहण्याआधी, रात्री दोन वाजता वारा उठला आणि जोडीदार आजारी असला, तर उरलेल्या एकट्या माणसाला शीड आवरता येईल का, हे विचारावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, आणि ४५ फुटी बोटीचे मोठे शीड अशा वेळी दोन धडधाकट तरुणांनाही दमवते. माझ्या मते आपल्यासाठी ३४ ते ३७ फुटांची, वजनदार आणि खोल कीलची, म्हणजे तळाखाली खोलवर गेलेल्या जड कण्याची, बोट योग्य ठरेल. ती सरासरी पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल, वेगाने चालली तरी दिवसाला १२० सागरी मैल जाते, म्हणजे मुंबईहून गोवा साधारण दोन दिवसांत गाठते.

वजनाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचे प्राण घेतले, आणि रुंद पण हलक्या बोटी उलटल्यावर सहज सरळ होत नाहीत, हे त्यानंतरच्या अभ्यासात प्रकर्षाने पुढे आले. त्यातून निघालेला एक ठोकताळा घरबसल्या करता येतो. बोटीच्या किलोतील वजनाला २९ ने भागावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याने बोटीच्या फुटांतील रुंदीला भागावे. उत्तर दोनच्या आत हवे. ७,२५० किलो वजनाच्या, ११ फूट रुंद बोटीचे उत्तर सुमारे पावणेदोन येते. ५,००० किलोच्या, १२ फूट रुंद बोटीचे दोनच्या वर जाते. हा आकडा केवळ चाळणी आहे, त्यावर सौदा करू नये.

जुनी बोट पाहताना, आपण बाजारात माठ वाजवून घेतो तशी डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतरावर टकटक करत जावी. आवाज खणखणीत असेल तर ठीक. मध्येच बद्द आवाज आला तर आतल्या थरात पाणी शिरले असण्याची शक्यता असते, आणि ती दुरुस्ती फार महागात जाते. डोलकाठीचे तारदोर डेकला जिथे जखडलेले असतात, तिथे गंजाचे तपकिरी ओघळ दिसतात का, तेही पाहावे. विसार देण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढायला लावून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून कील आणि सुकाणू तपासून घ्यावे. विकणाऱ्याने सुचवलेला सर्वेक्षक नको.

पण खरेदीआधी शिकणे हवे. मुंबईत किंवा गोव्यात रीतसर प्रशिक्षण घ्या, आणि दोघांनी घ्या. उजनीच्या पाण्यावर वारा कळतो, समुद्राची लाट कळत नाही. समुद्र लागतो की नाही, हे तर किनारा सोडल्याशिवाय समजतच नाही. डिसेंबर ते मार्च या काळात कोकण किनाऱ्यावर सकाळी मतलई आणि दुपारनंतर खारे वारे मिळतात, आणि जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्यांत आसरा घेता येतो. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून असा एक हंगाम काढावा. पाण्यात पडलेल्या माणसापर्यंत बोट फिरवून आणणे आपल्या पत्नीला एकटीने जमेपर्यंत खरेदीचा विषय काढू नये. पडणारे आपणच असू शकता.

घर भाड्याने द्यावे, कारण बोटीच्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला लागतो, आणि गुडघे थकले की परतायला उंबरठा लागतो. पाणी प्यायला व स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरावे. दोघांना वीस दिवसांसाठी १६० लिटर होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हवाबंद डब्यांत उत्तम टिकतात, चादरी मात्र घरीच ठेवा, कारण खाऱ्या पाण्याने भिजलेले सुती कापड हवेतला ओलावा ओढत राहते आणि नीट सुकत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक, व्हीएचएफ या बोटीवरील रेडिओची १६ क्रमांकाची वाहिनी आणि नोंदणी केलेले संकटसूचक यंत्र यांत काटकसर नको. उपग्रह फोन परवानगीशिवाय जवळ बाळगू नये, तो आपल्याकडे गुन्हा ठरतो. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो, तेव्हा नोव्हेंबरात तेवढ्यासाठी सोलापूरला यावे लागणार नाही.