घर ‘एकदाचं’ आवरून टाकायचं म्हणता?

"मॅडम, मी आधी चार दिवस रजा काढते, घर एकदाचं आवरते आणि मग निवांत तुमच्याकडे येते. आत्ता येऊन नुसतं बोलून काय होणार?"

समुपदेशनासाठी केलेल्या पहिल्याच फोनवर एक बाई असं म्हणाल्या. मी म्हटलं, रजा राहू द्या, पसाऱ्यासकट या. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

पंचेचाळिशीच्या बाई. नोकरी, दोन मुलं, नवरा. कामात इतक्या चोख की ऑफिसातली प्रत्येक फाइल त्यांना तारखेनिशी पाठ. आणि घरी एक खोली अशी, की पाहुणे येणार म्हटलं की तिचं दार ओढून घ्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचा जो प्रश्न असतो, तोच त्यांचाही होता: "मी दर वेळी जीव तोडून आवरते आणि पंधरा दिवसांत घर जैसे थे. मी आळशी आहे, की माझ्यातच काही खोट आहे?"

मी त्यांना शेवटच्या मोठ्या आवराआवरीचा दिवस सांगायला लावला. शनिवारी सकाळी कपाटातलं सगळं पलंगावर काढलं. बारापर्यंत काम जोरात चाललं, दोन पिशव्या भरल्या. दुपारी फोटोंचा डबा हाती लागला आणि तासभर तिथेच गेला. संध्याकाळी हातात एक सुटं बटण होतं. ते कोणत्या कपड्याचं, ठेवावं की टाकावं, हे काही ठरेना. रात्री नऊला झोपायला पलंग हवा, म्हणून वरचा ढीग उचलून कपाटात कोंबला आणि जे मावलं नाही ते त्या खोलीत टाकलं. रविवारी कंबर धरली आणि भांडण झालं.

आता यात आळस कुठे आहे? दहा-बारा तास खपलेल्या बाईला आळशी कोण म्हणेल! अडचण दुसरी होती. आवरताना हात दमतात ते दिसतं, पण खरं दमतं ते ठरवणं. प्रत्येक वस्तू उचलली की एक प्रश्न उचलावा लागतो: ही लागेल का, कोणी दिली होती, हिच्यावर केलेला खर्च वाया गेला का. असे दोनशे-तीनशे प्रश्न एका दिवसात सोडवायचे म्हटल्यावर संध्याकाळी बटणापुढे हात टेकणारच.

आणि मला तो ‘एकदाचं’ शब्द खटकत होता. एकदाचं आवरलं की सुटलो, असं त्यात गृहीत आहे. पण घर चालू आहे तोवर वस्तू आत येतच राहणार. खोकी येतात, कागद येतात, मुलांचे कपडे आखूड होतात. नखं कापली म्हणून वाढायची थांबत नाहीत आणि वाढली म्हणून कोणी स्वतःला नालायक ठरवत नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

इथे माझी चूक सांगते. दुसऱ्या भेटीत मी त्यांना सांगितलं, रोज दहा वस्तू घराबाहेर काढा. आठ दिवस त्यांनी हिशेब चोख ठेवला. वाळलेली पेनं, तुटलेल्या क्लिपा, एकेकटे मोजे. नवव्या दिवशी सोप्या वस्तू संपल्या आणि त्या थांबल्या. "दहा भरल्या नाहीत म्हणून मग एकही काढली नाही," म्हणाल्या. ऑफिसात टार्गेट पुरं करणाऱ्या बाईला मी घरातही टार्गेट दिलं होतं. ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मग आकडा काढून टाकला. रात्री फोन चार्जिंगला लावला की लगेच सात मिनिटं, गजर लावून. जागा एकच, तीही त्याच खोलीतल्या टेबलाचा वरचा खण. गजर वाजला की हातातली वस्तू आहे तिथे ठेवून उठायचं. कितीही रंगात आलं असलं तरी. या शेवटच्या अटीवर त्या हसल्या, पण तीच महत्त्वाची होती. आज दोन तास झाले की उद्याची सात मिनिटं नकोशी होतात.

त्या खणाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर माहितीपत्रकं, त्यातली निम्मी घरात नसलेल्या यंत्रांची. खाली तीन जुने चार्जर, ज्यांचे फोन केव्हाच गेले. आणि एका कड्यात अकरा किल्ल्या. एकही कशाची ते कुणाला माहीत नाही. "किल्ली टाकायची भीतीच वाटते," त्या म्हणाल्या, "टाकली की दुसऱ्या दिवशी कुलूप सापडेल." मी म्हटलं, मग टाकू नका, लावून बघा. आठवडाभर सात मिनिटांत त्या घरातलं एकेक कुलूप तपासत फिरल्या. दोन किल्ल्या लागल्या. त्यातली एक बॅगेची निघाली, आणि त्या बॅगेचं कुलूप किल्ली सापडत नाही म्हणून त्यांनीच काही वर्षांपूर्वी फोडलेलं होतं! उरलेल्या नऊ किल्ल्या त्यांनी त्याच रात्री काढून टाकल्या.

महिना होत आला तेव्हा चेहरा पाडून आल्या. तीन रात्री चुकल्या होत्या. "एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. मला तीही लागली नाही." हे एकवीस दिवसांचं प्रकरण फार जणांना छळतं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातलं ‘निदान’ पुढे गळून पडलं आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना चिकटली. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला सवयींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवी कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटत नाही, असंही दिसलं. मी त्यांना एवढंच विचारलं, चौथ्या रात्री काय केलंत? "केलं की. सात मिनिटं." मग झालं तर.

मधेच एक वादळ आलं. त्यांनी दाराजवळ ‘जायची पिशवी’ ठेवली होती. ती तीन आठवडे तिथेच राहिली, कारण येता-जाता त्या त्यातलं एखादं काहीतरी परत काढायच्या. नवऱ्याने वैतागून ती पिशवी आणि सोबत खोलीतली आणखी दोन खोकी परस्पर टाकून दिली. मग त्या रात्री उशिरा कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन शोधत बसल्या. पुढे दोन आठवडे खणाला हात नाही.

मी नवऱ्याला एकदा बोलावलं. "ती स्वतः टाकत नाही आणि मला टाकू देत नाही," हे त्यांचं गाऱ्हाणं. तुमचं स्वतःचं काय आहे साठवलेलं, असं विचारल्यावर वायरींचं एक खोकं निघालं. "त्या लागतात हो," ते लगेच म्हणाले. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती.

त्या दोघांना मी कपांचा प्रयोग सांगितला. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे कप दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना कप मिळाले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. कप काही मिनिटांपूर्वी तर हातात आलेला! म्हणून वस्तू हातात घेऊन ‘टाकू का?’ विचारलं की उत्तर बहुधा ‘नको’ येतं. ‘ही आज दुकानात दिसली तर घेईन का?’ असं विचारलं की तीच वस्तू परकी होते. घरात मग ठरलं ते असं: प्रत्येकाने फक्त आपल्या वस्तूला हात लावायचा, सामाईक वस्तूंबद्दल विचारायचं आणि भरलेली पिशवी बांधून त्याच आठवड्यात बाहेर. बांधलेली पिशवी उघडायची नाही.

घरातल्यांना कुणी साठवाखोर वाटत असेल तर एक फरक लक्षात ठेवा. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यापाशी उभं राहता येत नाही, इतकं घर भरलं असेल आणि काहीही टाकताना जीव कासावीस होत असेल, तर तो वेगळा विकार असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या मनोविकारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान दिलं. तिथे सात मिनिटांचा गजर पुरत नाही, मानसोपचार लागतात, आणि परस्पर घर रिकामं करणं तर नकोच. याची उलटी बाजूही असते. खचलेलं माणूस एकाएकी आपल्या जिवापाडच्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर ‘बरं झालं, आवरतोय’ म्हणू नका. त्याच्याशी बोला, लगेच मदत घ्या.

आमच्या बाईंना यातलं काही नव्हतं. त्यांच्या खोलीत होती मोठी पाकिटं. पाचव्या महिन्यात त्या तिथवर पोचल्या. वडिलांच्या आजारपणाची चार वर्षांची कागदपत्रं: एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. हे कशासाठी ठेवलंय, विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावाने तेव्हा विचारलं होतं, वेळेत नेलं होतंस ना? पुन्हा कोणी विचारलं तर माझ्याकडे असायला हवं." तारखेनिशी फाइली पाठ असणाऱ्या बाई घरात स्वतःच्या बाजूचा पुरावा सांभाळत बसल्या होत्या. त्या खोलीचं दार का ओढलं जायचं, ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या तीन भेटींत आम्ही पसाऱ्याबद्दल जवळजवळ बोललोच नाही. वडिलांबद्दल बोललो, भावाच्या त्या एका वाक्याबद्दल बोललो. मग त्यांनी स्वतःहून पाकिटं उघडली, गजर न लावता. आनुवंशिक आजाराची नोंद म्हणून डॉक्टरांना दाखवण्याजोगे चार कागद ठेवले. एका चिठ्ठीमागे वडिलांनी थरथरत्या अक्षरात काहीतरी यादी लिहिली होती, तिचा फोटो काढला. मी सुचवलं नव्हतं, पण युक्ती चांगली आहे. आठवणीच्या वस्तूचा फोटो काढला की ती सोडणं सोपं जातं, असं २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासातही दिसलं होतं. फोटो काढूनही ती चिठ्ठी त्यांनी टाकली नाही. मीही टाका म्हटलं नाही.

खोली अजून निम्मी भरलेली आहे. सात मिनिटं चालू आहेत, चुकतात, पुन्हा चालू होतात. मागच्या भेटीत सांगत होत्या, आता खिडकीपर्यंत पोचता येतं. उघडायला गेल्या तर कडी गंजलेली. तेल घालून ठेवलंय म्हणाल्या.