ओव्हरलेवर चालणारा प्रोग्राम ईप्रॉममधून का भरकटतो?

आपल्या ५ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरच्या बोर्डावरील प्रोग्राम इन-सर्किट एम्युलेटरच्या (प्रोसेसरच्या जागी प्रोबने जोडून बोर्ड तपासणारे उपकरण) ओव्हरले मेमरीतून (बोर्डाच्या मेमरीऐवजी वापरायची एम्युलेटरची स्वतःची मेमरी) नीट चालतो आणि २७१६ ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणारी मेमरी चिप) भरला की मधूनच भरकटतो, असे आपण लिहिले आहे. प्रोग्राम उलगडत बसण्याआधी वेळेचा हिशेब करावा.

या वेगाला एक क्लॉक २०० नॅनोसेकंदांचा असतो. तीन क्लॉकांच्या ६०० नॅनोसेकंदांतून ॲड्रेस बाहेर पडण्याचे कमाल ११० आणि डेटा आधी स्थिर असण्याचे किमान ३० वजा केले, की मेमरीच्या वाट्याला ४६० येतात. लॅच (ॲड्रेस धरून ठेवणारी चिप) आणि डीकोडर (ॲड्रेसवरून मेमरी चिप निवडणारे सर्किट) यांचा विलंबही त्यातूनच भागवायचा असल्याने ४५० नॅनोसेकंदांच्या २७१६ला एक वेट स्टेट (प्रोसेसरने थांबायचा एक जादा क्लॉक) द्यावाच लागतो. एखादा नग त्याशिवाय चालला, तरी तो योगायोग समजावा. ओव्हरलेतील स्टॅटिक रॅम पुष्कळ वेगवान असल्यामुळे शून्य वेट स्टेटवर हा दोष दिसतच नाही.

तेव्हा एफएफ८०० ते एफएफएफएफएफ (हेक्साडेसिमल ॲड्रेस) हा २ किलोबाइटचा पट्टा ओव्हरलेवर, पण केवळ वाचनासाठी मॅप करावा. रिसेटनंतरची पहिली सूचना एफएफएफएफ० वरून याच पट्ट्यातून येते. इंटरप्ट व्हेक्टर (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचे ते ॲड्रेस) असलेली ००००० पासूनची रॅम बोर्डाचीच ठेवावी आणि उरलेला सर्व भाग निषिद्ध ठरवावा, म्हणजे भरकटलेला प्रोग्राम तिथे पाऊल टाकताच थांबेल. बोर्डावर ८२३७ डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट देवाणघेवाण करणारी चिप) असल्यास त्याची रॅम ओव्हरलेवर नेऊ नये, कारण अनेक एम्युलेटरांत डीएमएला ओव्हरले दिसत नाही.

खरी गोम रेडी संकेताच्या (मेमरी तयार आहे हे प्रोसेसरला कळवणारा संकेत) निवडीत आहे. ओव्हरलेच्या पट्ट्यालाही बोर्डाचाच रेडी लावला, तर ईप्रॉमसाठी लागणारा वेट स्टेट आपले सर्किट खरोखर देते की नाही, हे ट्रेसमध्ये (एम्युलेटरने केलेल्या बसच्या नोंदीत) दिसते. मात्र त्या ॲड्रेसला रेडी देणारे सर्किट अजून जोडलेले नसेल, तर प्रोसेसर तिथेच ताटकळत राहील. तोवर एम्युलेटरचा स्वतःचा एक वेट स्टेट लावावा. त्याने बस सायकल (मेमरीशी होणारी चार क्लॉकांची एक देवाणघेवाण) ८०० वरून १००० नॅनोसेकंदांची होते, परंतु ८०८८च्या, सूचना आधीच आणून ठेवणाऱ्या चार बाइटांच्या रांगेमुळे प्रोग्राम नेमका त्याच प्रमाणात मंदावत नाही. म्हणून विलंबाची लूप कागदावर न मोजता ऑसिलोस्कोपवर मोजावीत.

शेवटी सर्व मॅपिंग बोर्डाकडे वळवून ईप्रॉममधून प्रोग्राम चालवावा. प्रोबचे बफर आणि केबल आणखी थोडा विलंब घालतात. त्यामुळे तिथे अडले, तर एक वेट स्टेट वाढवून पाहावे आणि मगच प्रोब काढून मूळ प्रोसेसर बसवावा.